चर एक, तर वाट एक

मला पाच मिनिटं मिळाली आहेत आणि सांगायचं आहे ते एकच. सैन्याच्या संदेशाला दुसरी वाट हवी, आणि ती खरोखरच दुसरी हवी.

नारायणगाव-मंचर पट्ट्यात ठिबक कुणाला समजावून सांगायला नको. नळी उंदराने कुरतडली तर दोन-चार रोपं सुकतात. मेन लाइन फुटली की अख्खा प्लॉट जातो. म्हणून जाणता बागायतदार लाइन पलीकडून फिरवून पुन्हा जोडून घेतो. एकीकडे फुटली तर तिथला कॉक बंद करायचा, पाणी दुसऱ्या अंगाने येतं. आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतही 30 अँटेना आहेत, साधारण 25 किलोमीटरवर पसरलेल्या. एखादी दुरुस्तीला निघाली म्हणून निरीक्षण थांबत नाही.

लोक फसतात ते पुढे. मी सैन्याच्या सिग्नल्समध्ये नोकरी केली. एका ठिकाणी आम्हाला मोठ्या कौतुकाने दोन केबल दाखवल्या, एक मुख्य आणि एक राखीव. दोन्ही एकाच चरात! जेसीबीचा एक दात पुरे होता, शत्रूची गरजच नाही. चर एक, तर वाट एक. हे लिहून ठेवा.

आता उपग्रह. तो आपल्याला नवा नाही, आर्वीचं विक्रम भूकेंद्र 1971 सालचं. पण उपग्रह आहे म्हणून निर्धास्त राहू नका. 24 फेब्रुवारी 2022, रशियाने युक्रेनवर चाल केली तो दिवस. युक्रेनचं सैन्य वापरत असलेल्या केए-सॅट या उपग्रहाच्या जाळ्यावर त्याच पहाटे हल्ला झाला. उपग्रहाला ओरखडाही नाही! हल्लेखोर शिरले जाळं सांभाळणाऱ्या यंत्रणेत आणि तिथून हजारो मोडेम निकामी करणारे हुकूम सोडले. तिकडे जर्मनीत 5,800 पवनचक्क्यांचा दूरसंपर्क तुटला. ज्या टाकीतून आपण खत सोडतो, तिच्यातूनच कुणी तणनाशक सोडावं, तसं झालं. मग शंभर नळ्या असून काय उपयोग? पंपघराला कुलूप हवं, किल्ली मोजक्या हातांत हवी, आणि दुसरी लाइन दुसऱ्या विहिरीवरून हवी. पुन्हा सांगतो, दुसऱ्या विहिरीवरून.

आणि ती लाइन चालती ठेवा. वर्षभर न फिरवलेला कॉक ऐन वेळी फिरत नाही. राखीव वायरलेसवर दर आठवड्याला बोललंच पाहिजे. शेवटची वाट माणसाची. 30 जुलै 2014 ला दरड कोसळून माळीण गाव गाडलं गेलं, ती खबर बाहेर आणली एसटीच्या चालकाने. सैन्यातही निरोप्या मोटारसायकलवरून... पण घड्याळ पुढे सरकलं आहे.

तेव्हा एवढंच करा. सैन्याचा निरोपही रस्त्याकडेच्या फायबरमधून जात असू शकतो. फायबरची खूण दिसली, तर जेसीबी लावण्याआधी विचारा.