वार्षिकांकाच्या जाहिराती



डिजिटल मार्केटिंगचा स्वतंत्र व्यवसाय करू इच्छिणाऱ्याने कोणकोणती कौशल्ये संपादन करावीत, यावर मी बोलावे अशी निमंत्रणपत्रात आज्ञा आहे. परंतु ज्या सभागृहाच्या खिडकीशी बसून 1991 साली मी शाळेच्या वार्षिकांकाची मुद्रिते तपासली, तेथेच उभा असताना तो विषय मला त्या अंकापासून वेगळा काढता येत नाही.

पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या सरांनी त्या वर्षी मला संपादक नेमले, आणि त्या मानाने मी हरखून गेलो असतानाच बाजारपेठेतून जाहिराती मिळवण्याची, छापखान्यात जुळाऱ्याशेजारी बसण्याची आणि जमाखर्चाची वही लिहिण्याची जबाबदारीही माझ्याच शिरावर टाकली. ‘हे माझे काम नव्हे,’ असे मी म्हणालो. सरांनी काहीही न बोलता पावतीपुस्तक माझ्या हाती ठेवले.

भांड्यांच्या दुकानदाराने मला दोनदा विन्मुख पाठवले, तेव्हा तिसऱ्या खेपेस जाहिरातीचा विषयही न काढता तासभर दुकानाच्या पायरीवर बसून गिऱ्हाईक काय विचारते तेवढे टिपून आण, असे सरांनी फर्मावले. लग्नसराईचे दिवस होते. भाव तर सगळेच विचारीत, पण जवळजवळ प्रत्येक बाई ‘नाव कोरून मिळेल का?’ असे विचारी, आणि पाटीवर मात्र मालकाचे नाव नि स्थापनेचे साल यांवाचून काही नव्हते. ‘भांड्यांवर नावे कोरून मिळतील’ एवढी ओळ लिहून नेली, आणि अर्ध्या पानाची जाहिरात मिळाली.

आज गूगलवर लोक कोणते शब्द लिहून शोध घेतात याचा मी तपास करतो, तो त्या पायरीवरच्या तासाहून निराळा नाही. तेथे जाहिरातीच्या स्थानासाठी दर शोधागणिक लिलाव होतो. पण त्यात बोलीच्या रकमेबरोबरच जाहिरात विचारलेल्या गोष्टीस कितपत अनुरूप आहे आणि ती ज्या पानावर नेते ते उपयोगी आहे की नाही, हेही जमेस धरले जात असल्यामुळे, आकडे जाणणाऱ्यास लिहिता यावे लागते आणि लिहिणाऱ्यास आकडे. साधनांचा तर भरवसाच नाही. 29 जून 2020 रोजी सरकारने टिकटॉकसह 59 अ‍ॅपांवर बंदी घातली, तेव्हा ज्यांची सारी विद्या तेवढ्यापुरतीच होती त्यांच्या हाताचे काम गेले. 1 जुलै 2023 पासून गूगलच्या जुन्या अ‍ॅनालिटिक्सने नवी नोंद घेणे थांबवले, आणि मला हिशेबाची नवी रीत श्रीगणेशापासून गिरवावी लागली.

म्हणून, विद्यार्थी मित्रहो, माझे मागणे एकच आहे: निदान पंचविशीपर्यंत ‘हे माझे काम नव्हे’ हे वाक्य उच्चारू नका. नाटकात ज्याने राजाची भूमिका केली त्याने सतरंज्याही घालाव्यात, जिने भाषण केले तिने ध्वनिक्षेपकाच्या तारा गुंडाळाव्यात. कारण स्वतंत्र व्यवसायात कागद सरकवायला शेजारी दुसऱ्याचे टेबल नसते, आणि मजकूर, चित्र, हिशेब, वसुली सारे तुमच्याच दप्तरी येते.

दाराशी उभे असलेले शिपाईमामा, तुम्ही रात्री नऊपर्यंत आमच्यासाठी हे सभागृह उघडे ठेवीत होता, आणि त्याबद्दल तुमचे आभार मानायचे तेव्हा राहून गेले. आणि सर, त्या जाहिरातीत ‘भांड्यांवर’मधला दुसरा अनुस्वार माझ्या नजरेतून निसटला होता, तो तुम्ही छापून आलेल्या तीनशे प्रतींवर माझ्याच हातून शाईने देवविला. काल रात्री एका दुकानाची जाहिरात पाठवण्यापूर्वी मी तिच्यातले अनुस्वार मोजले.