पांढऱ्या हरिणाची शिकार

रामायणांतील सीतेनें सोन्याचें हरिण पाहिलें, तेव्हां तिनें दोन गोष्टी एकदमच मागितल्या. हरिण जिवंत हातीं लागलें तर तें आश्रमांत वागवावें, आणि मेलें तर त्याचें कातडें बसावयास घ्यावें. नवलाच्या रंगाचें जनावर दिसलें कीं माणसाच्या मनांत या दोन इच्छा अशाच शेजारीं शेजारीं उभ्या राहतात. हातांत बंदूक असली म्हणजे दुसरी पुरविणें अधिक सोपें जातें, इतकेंच.

अमेरिकेंतील श्वेतपुच्छ हरिणांच्या बाबतींत हा प्रकार चांगला पाहावयास मिळतो. हें हरिण एरवीं उन्हाळ्यांत तांबूस आणि हिवाळ्यांत करडें असतें. परंतु क्वचित् एकादें पाडस निराळ्याच रंगाचें निपजतें. ज्याच्या शरीरांत रंगद्रव्य मुळींच तयार होत नाहीं, त्याचे केंस पांढरे आणि डोळे व नाक गुलाबी असतात. दुसऱ्या प्रकारचें हरिण अंगानें पांढरें, पण डोळ्यांनीं तपकिरी. तिसरें आपल्याकडील बांड्या गुरांसारखें, पांढऱ्या व तपकिरी ठिगळांचें. त्यांतल्या कांहींचे पाय आंखूड व कणा वांकडाहि असतो. पांढरेपणाचें मूळ वारशांत आहे. आईबाप दोघेहि तपकिरी असून दोघांच्याहि अंगीं हा गुण सुप्त असेल, तर सरासरीनें चार पाडसांत एक पांढरें होतें.

अशा हरिणांचा सर्वांत मोठा कळप जेथें वाढला तें ठिकाण म्हणजे दारूगोळ्याचें कोठार होतें. न्यूयॉर्क राज्यांत सेनेका व कायुगा या दोन सरोवरांच्या मध्यें अमेरिकन सैन्यानें १९४१ सालीं दहा हजार एकरांहून अधिक जमीन घेतली, स्फोटक द्रव्यांसाठीं सुमारें पांचशें भक्कम कोठ्या बांधल्या आणि सभोंवार चोवीस मैलांचें कुंपण घातलें. कुंपणाच्या आंत कांहीं रानटी हरिणें आपोआप अडकलीं. बाहेरचें रक्त येईना, नात्यांतल्या नात्यांत प्रजा होऊं लागली, आणि १९४९ च्या सुमारास तेथें पांढरें हरिण दिसलें. पुढें सेनाधिकाऱ्यांनीं पांढऱ्यांना मारण्याची मनाई केली. तपकिरी हरिणांची शिकार मात्र चालू राहिली. परिणाम व्हावयाचा तोच झाला. एका काळीं आठशेंच्या कळपांत दोनशें हरिणें पांढरीं होतीं. बाँबच्या कोठ्यांवर वाढलेल्या गवतांत तीं निर्धास्त चरत. इ. स. २००० मध्यें तें कोठार बंद झालें.

विस्कॉन्सिन व टेनेसी अशा कांहीं राज्यांत कायदाच या हरिणांचें रक्षण करितो. अन्यत्र परवाना असलेल्या शिकाऱ्यास तें मारतां येतें. यावर तेथें वाद आहे. श्वेतपुच्छ हरिणांची जात विपुल आहे, चार पांढरीं मेल्यानें ती नष्ट होत नाहीं, मग रंगावरून एकास अभय व दुसऱ्यास गोळी हा न्याय कोणता, असें शिकारी विचारतात. प्रश्न खोटा नाहीं. परंतु तोच शिकारी शंभर तपकिरी हरिणें सोडून एका पांढऱ्यासाठीं दिवसेंदिवस दबा धरतो, तेव्हां रंगाचा भेद त्यानेंहि मानलेलाच असतो. पांढरें हरिण मारणाऱ्यास अपयश येतें अशी समजूतहि कांहीं शिकाऱ्यांत आहे. कायद्यापेक्षां कदाचित् तिचाच धाक अधिक असावा!

मेलेल्या जनावरांत पेंढा भरणें हा शब्द आतां नांवालाच उरला आहे. कातडें सोलून, मांस व चरबी खरडून, मीठ चोळून तें कमावतात व तयार सांगाड्यावर चढवितात. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या सुप्रसिद्ध कारखान्यांत हे सांगाडे कागदाच्या लगद्याचे करीत. तो १९९९ सालीं बंद झाला. पांढऱ्या कातड्याचें काम विशेष नाजूक. रक्ताचा डाग ताबडतोब थंड पाण्यानें धुवावा लागतो, आणि आंत चरबी राहिली तर केंस कालांतरानें पिवळे पडतात. नाक व पापण्या वाळतांच मूळचा वर्ण जातो. तो रंगानें पुन्हां भरावा लागतो. डोळे तर कांचेचेच. ज्या रंगासाठीं जीव घेतला, तो नाकाडोळ्यांपुरता तरी कुंचल्यानेंच द्यावयाचा असतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अशा शिकारीस आळा घातला, आणि वाडवडिलांनीं मारलेल्या वन्य प्राण्यांचीं मुंडकीं व कातडीं घरांत ठेवावयाचीं तर सरकारी प्रमाणपत्र लागतें. ज्या घरीं अशीं जुनीं मुंडकीं भिंतीवर आहेत, तेथें आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. पूर्वी किडीपासून रक्षण व्हावें म्हणून कातड्याच्या आंतल्या बाजूस सोमल चोळीत, व त्याचा अंश पुढें अनेक वर्षें टिकतो. मुलांना त्यांशीं खेळूं देऊं नये, आणि धूळ झाडल्यावर हात साबणानें स्वच्छ धुवावे.