संगणकवाल्याने कोणती भाषा शिकावी?



संगणकाच्या कामात शिरलेली आपली मुले हल्ली विचारतात की, मराठी येते, इंग्रजी येते, आता आणखी एक बोलण्याची भाषा कोणती शिकावी? जर्मन की जपानी? क्लासवाले म्हणतात, जिला भाव आहे ती. प्रश्न कामगाराच्या पोटाचा आहे, म्हणून कॉलेजची पायरी न चढलेला माझ्यासारखा माणूसही त्यावर बोलायला उभा आहे. होय, कामगार. वातानुकूलित खोलीत बसल्याने माणूस मालक होत नाही.

जपानीची लोक भीती घालतात. लिपीपुरती ती खरी आहे. नित्य वापरासाठी सरकारने ठरवून दिलेली चित्राक्षरेच २१३६ आहेत. परंतु वाक्याची घडण मराठी माणसाला परकी नाही. क्रियापद शेवटी येते, आणि आपण घरात, घराला म्हणतो तसे जपानीतही छोटे शब्द नामाच्या मागून येतात. येथे बसून जपानी गिऱ्हाइकाचे काम करावयाचे असेल, तर ती जरूर शिकावी. उलट, ज्याचा जन्म बंगळुरात जाणार आहे त्याने हे दोन्ही क्लास बाजूला ठेवून आधी कन्नड शिकावी. शेजार कन्नड आहे, आणि तिथले सरकारी कामगार कार्यालयही कन्नडच आहे.

आता जर्मनी. तिथे जाणाऱ्यांना सांगितले जाते की, ऑफिसात इंग्रजी चालते, भाषेची चिंता नको. हे खोटे नाही. २००० साली त्या देशाने संगणकतज्ज्ञांसाठी 'ग्रीन कार्ड' काढले. २०२३च्या बदलानंतर तर पदवी नसलेल्या, पण पुरेसा अनुभव असलेल्या संगणकतज्ज्ञालाही 'ब्लू कार्ड' मिळू शकते, आणि त्यासाठी जर्मन येण्याची अट नाही.

नोकरी मिळवताना भाषेवाचून अडत नाही. नोकरी जाते तेव्हा अडते. जर्मन कायद्याप्रमाणे कामावरून काढल्याची नोटीस कागदावर, सहीनिशी द्यावी लागते; ईमेल चालत नाही. ती अन्यायाची वाटली, तर हाती पडल्यापासून तीन आठवड्यांच्या आत कामगार न्यायालयात दावा लावावा लागतो. न्यायालयाची भाषा जर्मन. पत्राचा अर्थ लावून घेण्यात एक आठवडा गेला, तर हाती उरले दोन.

याहून मोठी गोष्ट कामगार परिषदेची. १९५२ साली तिथे कायदा झाला, १९७२ साली तो नव्याने केला गेला. ज्या आस्थापनेत किमान पाच कायम कामगार मतदार आहेत, तिथे कामगारांना आपली परिषद निवडता येते. नागरिकत्वाची अट नाही. सहा महिने काम केलेला आपला मुलगाही उभा राहू शकतो. कामगाराच्या वागणुकीवर किंवा कामावर नजर ठेवणारे तांत्रिक साधन बसवायचे, तर मालकाला ते परिषदेच्या संमतीवाचून बसवता येत नाही. हे साधन बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच असते. म्हणजे ते कसे चालते हे ज्याला सर्वांत चांगले कळते, तोच भाषेअभावी बैठकीत गप्प!

सोलापूरच्या तेलुगू विणकरांत मी काम केले आहे. हवापाण्याच्या गप्पा मराठीत होत. पण खाड्याचे पैसे कापले की माणूस तेलुगूत बोलू लागे, आणि ते गाऱ्हाणे समजण्यासाठी मला तेलुगू शिकावी लागली. जर्मनीत आपल्या मुलाचे गाऱ्हाणे ऐकायला कोणी मराठी शिकणार नाही. ते त्यालाच जर्मनमध्ये मांडावे लागेल.

पगाराशिवाय दुसरे न दिसणाऱ्यांसाठी एक हिशेब सांगतो. ब्लू कार्डवाल्याला भाषेच्या पहिल्या पायरीवर २७ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो; तीच भाषा मध्यम पायरीपर्यंत आली, तर २१ महिन्यांनी.

आपल्या पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्स म्युलर भवन आहे. तिथे नाव घालावे. कॉफी मागायला आणि स्टेशनचा रस्ता विचारायला ते शिकवतीलच. मास्तरांना मात्र सांगावे, नेमणुकीच्या कराराचा एक नमुना वाचायला द्या. त्यातले तीन शब्द मी आजच सांगून ठेवतो: 'क्युंडिगुंग' म्हणजे नोकरी संपवल्याची नोटीस, 'फ्रिस्ट' म्हणजे मुदत, आणि 'बेट्रीब्सराट' म्हणजे कामगारांची परिषद.