शेजाऱ्याची झोप



गेटसभेत ओरडण्यात ज्याची हयात गेली, त्यानेच शांततेवर बोलावे, हा संयोजकांचा विनोद आहे असे आपणांस वाटेल. परंतु ज्यांच्यासाठी मी ओरडतो त्यांचाच हा प्रश्न आहे, म्हणून उभा राहिलो.

प्रथम कायदा पाहू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ठरविली. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. दहाचा फरक लहान दिसतो. परंतु दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दसपट होते. नियम चांगलाच आहे. मात्र सारे जग रात्रीच झोपते, असे त्याने धरून चालले आहे.

माझे बालपण गिरणगावातील चाळीत गेले. १९८२ च्या संपापर्यंत वडील रातपाळीला जात. सकाळी ते येऊन आडवे झाले की आई पाटा-वरवंटा उचलून गॅलरीच्या टोकाला नेई. शेजारच्या काकू एवढेच विचारीत, "आज कोणती पाळी?" "रातपाळी" म्हटले की आम्हां पोरांची रवानगी खाली चौकात होई. चाळ शांत होती असे नव्हे. नळावरची भांडणे होती, रेडिओ होते. पण कोण केव्हा झोपतो, हे चाळीला ठाऊक होते.

आता फ्लॅटचे दार बंद असते. आमचा एक सभासद प्रेस मशीनवर रातपाळी करी. वरच्या मजल्यावर फरशी फोडण्याचे काम निघाले. तो विनंती करावयास गेला, तर उत्तर मिळाले, "दिवसाढवळ्या कसली झोप? नियम वाचा!" तिसऱ्या आठवड्यात प्रेसखाली त्याची दोन बोटे गेली. मशीनला गार्ड नव्हते. त्याचा जाब आम्ही मालकाला विचारला. मोडलेल्या झोपेचा जाब कोणाला विचारावयाचा?

रातपाळीचा भत्ता आम्ही करारात मिळवून देऊ. झोप मात्र शेजाऱ्याच्याच हाती आहे. नर्सबाई, वॉचमन, रेल्वेचा कामगार, सर्वांचे हेच.

आणि ह्यासाठी लागते किती थोडे! मिक्सरची थरथर ओट्यातून भिंतीत शिरते. त्याखाली जाड रबर घाला. खुर्चीच्या पायांना रबरी बुचे बसवा, म्हणजे सरकवताना खालच्यांच्या डोक्यावर गडगडाट होणार नाही. फोडाफोडी करावयाची असेल तर दिवस आणि वेळ आधी फळ्यावर लिहा. रातपाळीवाल्यानेही संकोच सोडून आपली पाळी शेजाऱ्यास सांगावी. न सांगता कोणाला कळणार?

दहाच्या ठोक्याला रेडिओ बंद करणे हे कायद्याचे पालन झाले. भर दुपारी हातोडा उचलण्यापूर्वी शेजारचे दार ठोठावून "आज कोणती पाळी?" असे विचारणे, हा शेजारधर्म. तेवढा आज घरी घेऊन जा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.