लॅपटॉप मुलाचा, कुलूप कोणाचे?

पहिलीतल्या मुलाला अजून धड वाचता येत नाही. तो पासवर्ड कसा लक्षात ठेवणार? ‘या प्रोग्रॅमला परवानगी द्यायची का?’ असे पडद्यावर विचारले, तर कशाच्या बळावर उत्तर देणार? मुलांना स्वस्त लॅपटॉप देऊ पाहणाऱ्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या संस्थेला या प्रश्नांना बगल देता येत नव्हती.

नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिसच्या जागतिक परिषदेत तिचे संस्थापक निकोलस निग्रोपाँटी यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपचा नमुना दाखवला. २००७ अखेर उत्पादन सुरू झाले तेव्हा किंमत १८० डॉलरच्या पुढे गेली होती. ‘एक्सओ-१’ नावाच्या या हिरव्या-पांढऱ्या यंत्रात ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि १ जीबी साठवण होती. आत फेडोरा लिनक्स ही प्रणाली, वर मुलांसाठी रचलेली ‘शुगर’ ही मांडणी आणि भर उन्हातही वाचता येणारा पडदा. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरातच्या छोट्या शाळेतही हे लॅपटॉप पोचले.

या यंत्राच्या सुरक्षेचा ‘बिटफ्रॉस्ट’ हा आराखडा संस्थेतल्या इव्हान कर्स्टिच यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये मांडला. मुलाला वाचता आलेच पाहिजे अशी अट नको, पासवर्डची सक्ती नको, आणि यंत्र मुलासाठीच बंदिस्त नको, ही त्याची तत्त्वे. एरवी आपण चालू केलेल्या प्रोग्रॅमला आपले सगळे अधिकार आपोआप मिळतात. पत्त्यांचा साधा खेळही आपल्या फायली वाचू शकतो, त्या बाहेर पाठवू शकतो. बिटफ्रॉस्टमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा कोंडलेला. फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला फोटो मिळतील, पण मग इंटरनेट मिळणार नाही. कॅमेरा आणि माइक चालू असताना पेटणारे दिवे थेट विजेच्या मंडलाला जोडलेले होते, म्हणजे कोणत्याही प्रोग्रॅमला ते गुपचूप विझवता येऊ नयेत.

चोरीचाही विचार होता. वाटेत पळवलेला लॅपटॉप शाळेत आलेल्या किल्लीशिवाय सुरूच होऊ नये, अशी सोय होती. मात्र मुलाला यंत्राच्या पोटात शिरायचे असेल, तर ‘डेव्हलपर की’ मागून त्याला कुलूप काढता येई. आराखड्यातले सगळे प्रत्यक्षात उतरले नाही, पण दिशा अचूक होती.

आज घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवून मुलाला देणाऱ्या पालकांनी हीच दिशा धरावी. मुलाचे खाते वेगळे, प्रशासकाचे वेगळे. प्रोग्रॅम फक्त मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून. सुरक्षा-अद्यतने आपोआप. पेन ड्राइव्हवरून कोणी यंत्र परस्पर सुरू करू नये म्हणून यंत्र सुरू करणाऱ्या बायोसमध्ये तो मार्ग बंद करून त्याला पासवर्ड. लॅपटॉप हरवण्याची धास्ती असेल, तर बसवतानाच डिस्क एन्क्रिप्ट करावी, आणि तो पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवावा, कारण तो विसरला तर आतले काही परत मिळत नाही.

हे झाले की मिंटमधल्या ‘टाइमशिफ्ट’ने यंत्राच्या चालू स्थितीची प्रत काढावी. मुलाच्या फायली त्यात येत नाहीत, त्यांची प्रत वेगळी. मग मुलाला शेजारी बसवून त्याच्याच हातून पहिला प्रोग्रॅम बसवून घ्यावा. काही बिघडलेच, तर जुनी स्थिती कशी परत आणायची तेही त्याच बैठकीत दाखवावे.