ग्रामीण वाचनालय आणि व्यवसायदर्शन



मूल जो व्यवसाय पाहते, त्याचीच आकांक्षा धरते. खेड्यातील मुलीने शस्त्रक्रियागृह पाहावे तरी कोठे? ‘आभासी वास्तवा’चे उपकरण डोळ्यांवर चढविले की मान वळेल तसे दृश्य वळते, वेल्डिंगचा प्राथमिक सराव ठिणगीवाचून, लोखंड वाया न घालविता होतो. कॅलिफोर्नियातील सार्वजनिक ग्रंथालयांत २०१७ साली अशी उपकरणे आली. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यान्वये अनुदान मिळणारी वाचनालये आपल्या खेड्यांतही आहेत. हाताला खरे वळण कार्यशाळेतच लागेल; परंतु कोणत्या कार्यशाळेची वाट धरावी, हे वाचनालय दाखवील. आपल्या शिष्यवृत्ती निधीतून निदान एका वाचनालयास असा संच द्यावा, आणि तो सर्व ज्ञातींच्या मुलांस खुला असावा, ही नम्र विनंती.