मधमाशीची बेगमी

चैत्र सरत आला की डभोईतील घराघरांत वर्षाच्या धान्याची तजवीज सुरू होते. गहू निवडावा, उन्हात घालावा, एरंडेल चोळून कोठीत भरावा, हे काम येथील गुजराती गृहिणीच्या अंगवळणी पडलेले आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या मराठी गृहिणीनेही ते आपलेसे केले आहे. त्याच सुमारास मराठी घरांच्या गच्चीवर कुरडया आणि पापड वाळत असतात. पुढे पावसाचे चार महिने येणार, तेव्हा हाताशी काही असावे, ही जाणीव या साऱ्या धावपळीच्या मुळाशी असते. अशा साठवणीला आपल्या भाषेत ‘बेगमी’ असा नेटका शब्द आहे. मनुष्याखेरीज ज्या थोड्या जीवांनी ही विद्या पूर्णपणे साधली आहे, त्यांत मधमाशीचे स्थान फार वरचे आहे.

मध आपल्याला दिसतो तो औषधाच्या चमच्यात, पंचामृतात किंवा न्याहारीच्या ताटात. परंतु माशीच्या दृष्टीने तो औषधही नव्हे आणि पक्वान्नही नव्हे. ज्या दिवसांत रानात एकही फूल उमलत नाही, त्या दिवसांसाठी राखून ठेवलेला तो घास आहे. उष्ण मुलखात ही गोष्ट सहसा ध्यानी येत नाही. थंड प्रदेशात मात्र ती इतकी उघड आहे की, तेथील शेतकऱ्याला ती विसरून चालतच नाही.

युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत हिवाळा सुरू झाला की माशांचे उडणे थांबते. पारा दहा-बारा अंशांच्या खाली उतरला म्हणजे साऱ्या माशा पोळ्यावर एकमेकींना बिलगून एक गोळा करतात. बाहेरच्या थरातील माशा दाटीवाटीने बसून अंगाचेच पांघरूण बनवितात आणि आतल्या माशा पंख न हलविता उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात. गोळ्याच्या मध्यभागी राणी असते. बाहेर बर्फ पडत असले तरी तिच्याभोवतीची ऊब टिकून राहते. या शेगडीचे सरपण म्हणजे मध. एका वसाहतीला असा हिवाळा काढण्यास वीस ते तीस किलो मध लागतो, आणि अतिथंड प्रदेशात त्याहूनही अधिक. शरद ऋतूतच कामकरी माशा आयत्या बसून खाणाऱ्या नरांना पोळ्याबाहेर घालवून देतात. उन्हाळ्यात जेमतेम दीड महिना जगणारी कामकरी माशी हिवाळ्यात पाच-सहा महिने जगते, कारण वसंतातील पहिल्या पिलांना भरविण्याचे काम तिच्यावरच सोपविलेले असते.

अशा मुलखात माणसाची वस्ती आणि माशीची वस्ती शेजारी शेजारी वाढली. त्यासाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याच हिमालयात, हिमाचल आणि काश्मीरच्या खेड्यांत, घराच्या जाड भिंतीत माशीसाठी पोकळी ठेवण्याची जुनी चाल आहे. बाहेरच्या अंगाला बोटभर भोक, आतल्या अंगाला शेणामातीने लिंपून बसविलेली फळी, आणि दोहोंच्या मध्ये पोळे. त्या बाजूला माशा आपला संसार करतात, या बाजूला घरातली माणसे. घरातील उबेचा थोडा वाटा भिंतीतल्या भाडेकरूंना मिळतो आणि मध तयार झाला की फळी काढून घरधनी आपले भाडे वसूल करतो. आज तेथील मोठे मधपाळ पेट्या ठेवतात आणि कडाक्याच्या थंडीत त्या पेट्या पंजाब-राजस्थानातील मोहरीच्या शेतांकडे हलवितात. परंतु घराच्या भिंतीत माशीला जागा देण्यामागचा विचार जुना झालेला नाही. जो शेजारी आपल्याला काही देतो, त्याच्या निवाऱ्याची काळजी आपण घ्यावी, एवढाच तो विचार आहे.

दुर्दैवाने मनुष्याने माशीशी नेहमीच असा व्यवहार केला नाही. जगभर मध काढण्याची जुनी रीत एकच होती. धूर करून माशा पळवावयाच्या किंवा जाळावयाच्या, पोळे कापावयाचे आणि अंडी, पिले, पराग यांसकट ते पिळावयाचे. मध मिळे, पण वसाहत उद्ध्वस्त होई. ही रीत बदलण्याचे श्रेय ज्यांना जाते, त्यांत धर्मगुरूंची संख्या लक्षात येण्याजोगी आहे, आणि त्याला कारणही आहे. चर्चमधील वेदीवरच्या मेणबत्त्या मधमाशीच्या मेणाच्या असाव्यात असा दंडक होता. त्यामुळे मठांच्या आणि धर्मगुरूंच्या परसात मधमाश्यांची पोळी असणे ही नित्याची गोष्ट होती. सायलेशियातील योहान झिर्झोन या कॅथलिक धर्मगुरूने १८४५ साली असे मांडले की, नर माशी फलित न झालेल्या अंड्यातून जन्मते. त्या काळी हे विधान धाडसाचेच होते, आणि पुढे ते खरे ठरले. अमेरिकेतील पाद्री लँगस्ट्रॉथ यांना १८५१ साली दुसरी एक किल्ली सापडली. दोन पोळ्यांच्या मध्ये सुमारे एक सेंटिमीटराहून किंचित कमी वाट ठेवली, तर माशा ती वाट मेणाने किंवा डिंकाने बुजवीत नाहीत. ये-जा करण्यासाठी मोकळी ठेवतात. तेवढे अंतर राखून पेटीत सुट्या चौकटी टांगल्या की प्रत्येक पोळे पुस्तकाच्या पानासारखे अलगद बाहेर काढता येते. भारतीय माशी विलायती माशीहून लहान. म्हणून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी तिच्या मापाची छोटी पेटी तयार केली आणि खेड्यांतील लोकांना ती वापरण्याचे शिक्षण दिले. ती पेटी आजही ‘न्यूटन पेटी’ या नावाने ओळखली जाते.

या पेटीला दोन मजले असतात. खालचा शिशुकक्ष, तेथे राणी अंडी घालते, पिले वाढतात आणि वसाहतीची स्वतःची शिदोरी साठते. वरचा मधुकक्ष, तेथे शिदोरीपेक्षा अधिक झालेला मध भरला जातो. घरे मेणाच्या झाकणांनी बंद झाली, म्हणजे मध पिकला असे समजावे. मग झाकणे सुरीने उतरवून चौकट यंत्रात फिरवावी. मध बाहेर पडतो आणि रिकामे पोळे जसेच्या तसे माशांना परत मिळते. वरच्या मजल्यावरचे माणसाचे, खालच्या मजल्यावरचे माशीचे, हा या धंद्याचा पहिला आणि शेवटचा नियम आहे.

मराठी मुलखात या नियमाची पाठशाळा ठरली ती महाबळेश्वरी. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंचीचे हे ठिकाण. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या परिसरात पहाटेचे दव गोठून गवताच्या पात्यांवर हिमकण दिसतात. येथे १९४६ साली मधमाशीपालनाचे काम सरकारी पुढाकाराने सुरू झाले, आणि मध संचालनालय आजही येथेच आहे. पुढे १९६२ साली पुण्यास मधमाशीच्या संशोधनाची व शिक्षणाची केंद्रीय संस्था स्थापन झाली. महाबळेश्वरच्या रानातील सातेरी माशी झाडांच्या ढोलीत आणि खडकांच्या कपारीत राहते. तेथून ती वसाहत हलक्या हाताने काढून पेटीत वसवावयाची, हे कसब तेथील डोंगरी शेतकऱ्यांनी आत्मसात केले.

परंतु येथे एक विलक्षण उलटापालट दिसते. युरोपातील माशीचा वैरी हिवाळा. महाबळेश्वरच्या माशीचा वैरी पावसाळा. हिवाळ्यात येथे पहाट गारठलेली असली तरी दुपारी ऊन पडते आणि माशा चरावयास बाहेर पडतात. पुढे फाल्गुनापासून वैशाखापर्यंत जांभूळ, हिरडा, गेळा असे एकेक वृक्ष फुलत जातात आणि पेट्या भरतात. मग मृगाचा पाऊस येतो. साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस जेथे चार महिन्यांत कोसळतो, तेथे फुलातील मकरंद धुऊन जातो आणि माशीला पंख पसरावयास उघडीप मिळत नाही. त्या दिवसांत माणसे घरांना गवताच्या झडी बांधून आत बसतात. माशाही पेटीच्या दाराशी गर्दी करून आत बसतात. दोघांचाही गुजारा बेगमीवरच.

म्हणून मधपाळाची खरी परीक्षा मध काढताना होत नाही. ती ज्येष्ठात होते. मधुकक्ष रिकामा केल्यावर शिशुकक्षातील दोन चौकटीही काढाव्यात, आणखी एखादा किलो मध पदरात पडेल, असा मोह त्या वेळी पडतो. सातेरीच्या एका पेटीतून वर्षाकाठी पाच ते दहा किलो मध मिळावयाचा. त्यात एक किलोही थोडा नव्हे. पण हा मोह ज्याला आवरत नाही, त्याची पेटी श्रावणात रिकामी पडते. माशा उपाशी मरतात, नाहीतर पेटी सोडून निघून जातात. शहाणा मधपाळ खालच्या मजल्याला हात लावीत नाही. पाऊस लांबला तर तो सायंकाळी साखरेचा पाक थोडा थोडा पेटीत ठेवतो. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवून मुंग्यांना अडवितो, मेणकिड्यांनी पोखरलेले पोळे काढून टाकतो, छपरावर आडोसा घालतो. हा पाकही दुष्काळी दिवसांतील जेवण आहे. फुलोऱ्याच्या दिवसांत पाक पाजून मध ‘वाढविणे’ ही तर उघड फसवणूकच.

या धंद्यावर संकटेही कमी आली नाहीत. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात माशीच्या पिलांना विषाणूचा एक रोग झाला. अळी कोशात जाण्यापूर्वीच पाण्याच्या पिशवीसारखी होऊन मरे. सातेरीच्या हजारो वसाहती नाहीशा झाल्या आणि अनेक कुटुंबांच्या पेट्या ओस पडल्या. रानातील जुने वृक्ष तुटले की माशीचे अन्न आणि ढोली दोन्ही जातात. आणि बाजारात साखरेच्या पाकाची भेसळ स्वस्तात मिळू लागली की खऱ्या मधाला भाव राहत नाही. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये बाजारातील मधाच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले; तपासलेल्या नमुन्यांपैकी बहुतेकांत अशी भेसळ आढळली होती. फसलेल्या गिऱ्हाइकाइतकाच फसतो तो डोंगरावरचा प्रामाणिक मधपाळ.

अशा परिस्थितीत महाबळेश्वरजवळच्या मांघर या छोट्या गावाने घेतलेली वाट आशादायक आहे. तेथील बहुतेक कुटुंबे मधमाशा पाळणारी. मे २०२२ मध्ये महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या पुढाकाराने हे गाव देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. एकेकट्या घराचा जोडधंदा हे गावाचे समाईक काम झाले, म्हणजे रानातील फुलझाडे राखण्यात प्रत्येकाचा स्वार्थ गुंतला. महाबळेश्वर परिसरातील स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांनाही त्याचा लाभ आहे. स्ट्रॉबेरीच्या अंगावर जे बारीक दाणे दिसतात, त्यांतील प्रत्येकाला पराग मिळाला तरच फळ चहू अंगांनी भरते. नाहीतर ते वेडेवाकडे राहते. हे परागाचे काम वारा थोडे करतो, पण माशी ते नेमाने करते.

डभोईच्या सपाट, तापट शिवारात सातेरीच्या पेट्या ठेवा असे सांगणे योग्य होणार नाही. त्या माशीला डोंगरातील गारवा आणि बाराही महिने काही ना काही फुलणारे रान लागते. या मुलखात आढळणाऱ्या आग्या आणि फुलोरी या माशा पेटीत राहत नाहीत. त्या उघड्यावर एकच पोळे बांधतात आणि मनाला येईल तेव्हा उठून जातात. तरीही येथील रहिवाशाच्या हाती पुष्कळ काही आहे. तुरीच्या शेतात औषध फवारावयाचे झाले तर माशा घरी परतल्यावर, सायंकाळी फवारावे. कुंपणातल्या फुलोरीच्या पोळ्यावर पोरांना दगड मारू देऊ नयेत. वडावरच्या आग्याला गंमत म्हणून धूर देऊ नये. तो खवळला तर माणसांच्या जिवावर बेतते. आणि थंडीत बाटलीतला मध गोठून दाणेदार झाला, तर तो साखरेचा आहे असे समजून दुकानदाराशी भांडू नये. मधातील द्राक्षशर्करेचा थंडीत कण धरण्याचा स्वभावच आहे. बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध पुन्हा पातळ होतो.

मध घेण्याचा माणसाचा अधिकार कोणी नाकारीत नाही. ज्याने निवारा दिला, मुंग्या राखल्या आणि पावसात घास भरविला, त्याने वरचा मजला उचलावा, हे न्यायाचेच आहे. पण दुसऱ्याच्या बेगमीतून किती घ्यावे हे ज्याला कळते, त्याच्याच पेटीत पुढच्या वसंतात माशा गुणगुणतात. जंगल, विहिरीचे पाणी, जमिनीचा कस, या साऱ्यांचा खालचा मजला कोणता आणि वरचा कोणता, एवढे ओळखण्याची दृष्टी मधपाळाकडून घेता आली, तर ती एका बाटली मधापेक्षा अधिक मोलाची ठरेल.